प्लाझ्मिड सांभाळायचा तर कल्चरवर भिस्त ठेवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्गातल्या कॉलेजात एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांसाठी ई. कोलाय या जिवाणूच्या डीएच५अल्फा नावाच्या स्ट्रेनमध्ये, म्हणजे वाणात, पीयूसी१९ या तयार प्लाझ्मिडवर बेतलेला एक प्लाझ्मिड (गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं छोटं वर्तुळ) ठेवला आहे. त्यात लॅक प्रमोटर या जीन चालू करणाऱ्या डीएनएच्या भागाखाली जीएफपीचा, म्हणजे हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचा जीन आहे. दर पंधरवड्याला अँपिसिलिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर सबकल्चर होतं, म्हणजे जुन्या वाढीतून नवी पेरणी. मे महिन्यापर्यंत सगळं ठीक होतं. जूनपासून मिनिप्रेपमधून, म्हणजे थोड्या कल्चरमधून प्लाझ्मिड वेगळा काढण्याच्या कृतीतून, डीएनए कमी येतो, मोठ्या कॉलनीभोवती बारीक कॉलन्यांचं कडं दिसतं आणि निम्म्याहून अधिक कॉलन्या चमकतच नाहीत. उणे ८० अंशांचा फ्रीजर नाही, लाईटचा भरवसा नाही, तर कल्चर जिवंत कसं ठेवायचं?

कल्चर जिवंत आहेच, तो प्रश्न नाही. त्या जिवंत पेशींत तुमचा प्लाझ्मिड अजून आहे का, आणि असला तर तो मूळचाच आहे का, हा खरा प्रश्न. तुम्ही सांगितलेल्या तीन लक्षणांची कारणं एकच असतील असंही नाही. कमी डीएनए हा कदाचित रसायनांचा दोष असेल, बारीक कॉलन्या हा अँपिसिलिनचा स्वभाव असेल, आणि न चमकणं हे कधी कधी प्लाझ्मिड शाबूत असूनही घडतं. म्हणून आधी वेगवेगळं तपासा, उपाय मग.

सुरुवात न चमकणाऱ्या कॉलन्यांपासून करू, कारण तिथे घाईने निष्कर्ष निघतात. जीएफपीचं प्रथिन तयार झालं तरी त्याचा चमकणारा भाग जुळून यायला ऑक्सिजन लागतो. रात्री लाईट गेली, शेकर थांबला आणि ट्यूबमधलं कल्चर तळाशी बसून राहिलं, तर पेशी भरपूर आणि चमक फिकी असं चित्र दिसतं. अशा पेशी प्लेटवर पसरून हवेत वाढू द्या, मग बोला. मूळ, न सुधारलेलं जीएफपी ३७ अंशांना नीट घडी घेत नाही; तेच २८ ते ३० अंशांना चांगलं चमकतं. माध्यमात ग्लुकोज असेल तर लॅक प्रमोटर दबतो आणि चमक उतरते. आणि बघताना दिवा लांब तरंगलांबीचा, ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा घ्या. २५४वाला जंतू मारायचा दिवा आहे. ज्या कॉलनीतून पुढे काम करायचं ती त्याच्याखाली धरू नये.

हे सगळं वगळूनही कॉलनी न चमकणारीच राहिली, तर तीन शक्यता उरतात. प्लाझ्मिड गेला, प्लाझ्मिड आहे पण बदलला, किंवा ती कॉलनी तुमच्या स्ट्रेनची नाहीच. तिसरी शक्यता पावसाळ्यात हसण्यावारी नेऊ नका. दमट हवेत बुरशी आणि बाहेरचे जिवाणू प्लेटवर सहज उतरतात, बुरशीला तर अँपिसिलिनचं काहीच वाटत नाही, आणि निसर्गात अँपिसिलिन पचवणारे जिवाणूही कमी नाहीत. डीएच५अल्फाच्या जायरेज जीनमध्ये एक उत्परिवर्तन आहे, त्यामुळे तो नॅलिडिक्सिक आम्ल या प्रतिजैविकाला दाद देत नाही. संशयित कॉलन्या मिली.ला २० मायक्रोग्रॅम नॅलिडिक्सिक आम्ल असलेल्या प्लेटवर टूथपिकने टेकवा, शेजारी खात्रीचा डीएच५अल्फाही टेकवा. जी वाढत नाही ती डीएच५अल्फा नाही. वाढली म्हणजे शंभर टक्के तीच असं मात्र नाही.

प्लाझ्मिड किती पेशींत उरला आहे हे मोजणं सोपं आहे आणि विद्यार्थ्यांना करायला देण्यासारखंही. रात्रभर वाढलेल्या कल्चरमध्ये मिली.ला दोन ते चार अब्ज पेशी असतात. ते दहा लाख पट आणि एक कोटी पट पातळ करा, प्रत्येकी १०० मायक्रोलिटर एलबी या नेहमीच्या पोषक माध्यमाच्या, प्रतिजैविक नसलेल्या प्लेटवर पसरा. पहिल्या पातळीला दोनशे ते चारशे, दुसऱ्या पातळीला वीस ते चाळीस कॉलन्या अपेक्षित आहेत. त्यांतल्या शंभर कॉलन्या निर्जंतुक टूथपिकने आधी अँपिसिलिनच्या आणि मग साध्या प्लेटवर, चौकोन आखून, त्याच क्रमाने टेकवा. साध्यावर शंभर आल्या आणि अँपिसिलिनवर साठ, तर चाळीस टक्के पेशींनी प्लाझ्मिड टाकून दिला आहे. आकडा हातात आला की पुढची चर्चा नेमकी होते.

आता हे घडतं कसं. अँपिसिलिनच्या प्लेटवर वाढलेली प्रत्येक पेशी प्लाझ्मिडवालीच असणार, असं गृहीत धरलं जातं, आणि घोळ तिथेच होतो. प्लाझ्मिडवरचा प्रतिरोधाचा जीन बीटा-लॅक्टमेझ नावाचं एन्झाइम बनवतो. ते पेशीच्या दोन आवरणांमधल्या जागेत असतं, तिथून बाहेर झिरपतं आणि आजूबाजूचं अँपिसिलिन फोडून टाकतं. म्हणजे प्लाझ्मिडवाली कॉलनी शेजारच्या बिनप्लाझ्मिडवाल्यांनाही संरक्षण देते. मोठ्या कॉलनीभोवती जे बारीक कडं दिसतं ते याच आश्रितांचं. प्लेट १६ तासांनंतर इन्क्युबेटरमध्ये राहिली की त्या दिसू लागतात, २४ तासांना तर गर्दी होते. सबकल्चर करताना लूप (पेरायची तारेची कडी) थोडा जरी कडेला लागला तरी मोठीबरोबर बारीकही उचलली जाते, आणि पंधरवड्यामागून पंधरवडे तेच होत राहिलं की तुमचं कल्चर मिश्र होतं.

द्रव माध्यमात हे आणखी वेगाने होतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. कल्चर दाट व्हायच्या आत अँपिसिलिन संपलेलं असतं. उरलेले तास प्लाझ्मिडवर काही दबाव नसतो. त्यात स्टार्टरमधून, म्हणजे रात्रभर वाढवलेल्या छोट्या कल्चरमधून, थेट १ मिली. नव्या फ्लास्कमध्ये ओतलं, तर पेशींबरोबर साठलेलं एन्झाइमही जातं आणि नव्या फ्लास्कमधलं अँपिसिलिन लवकरच निकामी होतं. उपाय साधा आहे: स्टार्टर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा द्रव टाका, पेशी ताज्या माध्यमात मिसळा आणि मग घाला.

प्लाझ्मिड टाकून देण्यात पेशीचा फायदा काय, तर खर्च वाचतो. पीयूसी गटातल्या प्लाझ्मिडच्या ३७ अंशांना एका पेशीत ५०० ते ७०० प्रती असतात. तुमच्या प्लाझ्मिडमध्ये लॅक प्रमोटर आहे. इतक्या प्रतींपुढे हा प्रमोटर दाबणारा पेशीतला रिप्रेसर पुरा पडत नाही, त्यामुळे आयपीटीजी, म्हणजे प्रमोटर चालू करणारं रसायन, न घालताही जीएफपी बनत राहतं. जी पेशी हे ओझं झटकते ती थोडी जोरात वाढते. प्रमोटरमध्ये बिघाड झालेल्या पेशीही अशाच पुढे जातात, आणि त्यांच्यात प्लाझ्मिड तर असतो पण चमक नसते. तुमच्या न चमकणाऱ्या आणि तरीही अँपिसिलिनवर ठणठणीत वाढणाऱ्या कॉलन्यांबद्दल मला पहिला संशय हाच येतो. जपणुकीच्या प्लेटमध्ये अर्धा टक्का ग्लुकोज घालून जीएफपी दाबून ठेवणं म्हणूनच फायद्याचं. प्रात्यक्षिकाच्या प्लेटमध्ये अर्थात ते नको.

निव्वळ योगायोगाने प्लाझ्मिड हरवतो का, असंही विचारलं जातं. विभागताना प्रती दोन्ही पेशींत यदृच्छेने वाटल्या जातात असं धरलं, तर पीबीआर३२२सारख्या २० प्रतींच्या प्लाझ्मिडमध्ये एका बाजूला एकही न जाण्याची शक्यता पाच लाखांत एक इतकीच. पाच प्रती असतील तर सोळांत एक. म्हणून पीएससी१०१सारख्या कमी प्रतींच्या प्लाझ्मिडकडे वाटणीची स्वतःची सोय असते. पीयूसीला ती सोय नाही आणि सहसा गरजही पडत नाही. अडचण होते ती प्लाझ्मिड एकमेकांना जुळून दुहेरी, चौपदरी वर्तुळं झाली की, कारण मग वाटायच्या नगांची संख्या घटते. डीएच५अल्फात रेकए हा अशा जोडणीला लागणारा जीन निकामी असल्याने हे जोडकाम फार क्वचित होतं. पण दुसऱ्या कुठल्या स्ट्रेनमधून आलेला दुहेरी प्लाझ्मिड आत शिरला असेल तर तो दुहेरीच राहतो. एकाच जागी कापणाऱ्या एन्झाइमने कापल्यावर एकेरी आणि दुहेरी दोन्ही एकाच मापाची पट्टी देतात, त्यामुळे हा प्रकार फक्त न कापलेला डीएनए जेलवर, म्हणजे डीएनए आकाराप्रमाणे वेगळा करणाऱ्या थरावर, चालवला की उघड होतो.

तापमानाचा मुद्दा कोकणात वेगळा लक्षात ठेवावा लागतो. पीयूसीच्या प्रती वाढवणारं उत्परिवर्तन तापमानाप्रमाणे वागतं: ३७ अंशांना भरपूर प्रती, ३० अंशांना जवळजवळ पीबीआर३२२इतक्याच. पावसाळ्यात लाईट गेली की इन्क्युबेटर खोलीच्या तापमानाला, म्हणजे २८-३० अंशांवर येतो. थंड गावी वाढ मंदावली असती. इथे जिवाणू निवांत वाढत राहतात, सकाळी कल्चर दाट दिसतं आणि मिनिप्रेपमधून मात्र हाती फारसं काही लागत नाही. रात्री लाईट किती वेळ नव्हती हे वहीत लिहून ठेवा, अर्धी कोडी तिथेच सुटतील. शेकर इन्व्हर्टरवर जोडता आला तर उत्तमच. ते जमत नसेल तर सकाळी सातला पेरून संध्याकाळी सहा-सातला काढा, रात्रीवर सोडू नका.

वाढवण्याची पद्धत अशी ठेवा. एलबीला लिटरमागे ट्रिप्टोन १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, प्लेटसाठी अगार १५ ग्रॅम. ऑटोक्लेव्ह १२१ अंशांना १५ ते २० मिनिटं. अँपिसिलिनचा साठा मिली.ला १०० मिलिग्रॅम, पाण्यात, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, छोट्या ट्यूबांत उणे २०ला. लिटरला १ मिली. घातला की मिली.ला १०० मायक्रोग्रॅम होतं. अगार ५०-५५ अंशांवर आल्यावर, म्हणजे बाटली हाताला सोसवेल इतकी झाल्यावरच घाला. वाफाळत्या अगारमध्ये घातलेलं अँपिसिलिन वाया जातं. फ्रीजर एकदा वितळला आणि दिवसभर तसाच राहिला, तर तो अँपिसिलिनचा साठा टाकून द्या. शंका असेल तर प्लाझ्मिड नसलेला डीएच५अल्फा त्या प्लेटवर पसरून बघा, एकही कॉलनी येता कामा नये. ही तपासणी प्लेटांच्या दर नव्या घाण्याला करावी असा माझा आग्रह आहे, कारण बाकी सगळं काम तिच्यावर उभं असतं. प्लेटा फ्रीजमध्ये पिशवीत चार आठवडे, त्यापुढे नाही.

दमट दिवसांत झाकणाला पाणी धरतं, ते प्लेटवर पडतं आणि कॉलन्या एकमेकींत मिसळतात. वेगळी, एकटी कॉलनी मिळणं हेच तर स्ट्रीक करण्याचं कारण. म्हणून वापरण्याआधी प्लेटा लॅमिनारमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) झाकण तिरकं ठेवून वीस-तीस मिनिटं सुकवा. ३७ अंशांना रात्रभर सुकवायच्या भानगडीत पडू नका, त्यात अँपिसिलिनही उतरतं.

एकटी, मोठी, कड्याशिवायची कॉलनी उचलून ३ ते ५ मिली. एलबी-अँपिसिलिनमध्ये घाला. भांड्याच्या एक पंचमांशापेक्षा जास्त द्रव नको, म्हणजे १०० मिली.च्या फ्लास्कमध्ये २० मिली. शेकर १८० ते २०० फेऱ्यांवर, १२ ते १६ तास. त्याहून जास्त वेळ दिल्याने डीएनए वाढत नाही. मेलेल्या पेशी वाढतात आणि प्लाझ्मिड नसलेल्यांना वेळ मिळतो. अँपिसिलिनऐवजी त्याच मापात कार्बेनिसिलिन वापरलं तर बारीक कॉलन्या बऱ्याच कमी होतात, पण ते महाग आहे. जपणुकीच्या प्लेटपुरतंच वापरलं तर परवडतं. कायमचा उपाय हवा असेल तर जीएफपीचा तुकडा कॅनामायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाला प्रतिरोध देणाऱ्या वेक्टरमध्ये, म्हणजे वाहक प्लाझ्मिडमध्ये, हलवा. त्याचा प्रतिरोध पेशीच्या आतच काम करतो, शेजाऱ्यांना त्याचा लाभ होत नाही, त्यामुळे बारीक कॉलन्यांचा त्रास जवळपास संपतो.

आता कमी येणाऱ्या डीएनएबद्दल. चांगल्या पीयूसी कल्चरच्या १ मिली.तून ३ ते ५ मायक्रोग्रॅम मिळायला हवेत. वरच्या टूथपिकच्या मोजणीत शंभरातल्या नव्वदहून अधिक कॉलन्या अँपिसिलिनवर आल्या आणि तरी डीएनए कमी असेल, तर प्लाझ्मिडला दोष देऊ नका, बाटल्यांकडे बघा. कॉलेजात किट नसून घरचीच द्रावणं असतील असं धरतो. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या, पोटॅशियम ॲसिटेट आणि कॅल्शियम क्लोराइड ही तिन्ही हवेतलं पाणी ओढतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे बाटली दोन-चार वेळा उघडली की गोळ्या ओलसर चकाकायला लागतात. त्यानंतर तुम्ही ग्रॅममध्ये जे तोलता त्यात पाणी किती आणि क्षार किती, हे तराजू सांगत नाही. अल्क, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, कमी पडला की पेशी नीट फुटत नाहीत आणि डीएनए गाळासोबत जातो.

यावर एकच धोरण: नवी बाटली उघडली त्या दिवशीच, शक्यतो कोरड्या महिन्यात, घट्ट साठाद्रावण करून ठेवा. सोडियम हायड्रॉक्साइडचं १० नॉर्मल द्रावण, म्हणजे ४० ग्रॅम गोळ्या आणि एकूण १०० मिली., प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत. गोळ्या थोड्या थोड्या पाण्यात टाका, भांडं थंड पाण्यात ठेवा, चष्मा आणि मोजे घाला; ते द्रावण चांगलंच तापतं. त्यातलं २०० मायक्रोलिटर, १० टक्के एसडीएस (पेशी फोडणारा साबणासारखा पदार्थ) १ मिली. आणि पाणी ८.८ मिली. मिळून मिनिप्रेपच्या तीन द्रावणांपैकी दुसरं तयार होतं, ०.२ नॉर्मल अल्क आणि १ टक्का एसडीएस. हे मिश्रण त्याच दिवसाचं हवं, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड अल्क खातो. तिसरं द्रावण म्हणजे ५ मोलर पोटॅशियम ॲसिटेट ६० मिली., ग्लेशियल ॲसेटिक आम्ल ११.५ मिली., पाणी २८.५ मिली. पहिल्यात ५० मिलिमोलर ग्लुकोज, २५ मिलिमोलर ट्रिस पीएच ८, १० मिलिमोलर ईडीटीए.

दीड मिली. कल्चरच्या गोळ्याला ही द्रावणं अनुक्रमे १००, २०० आणि १५० मायक्रोलिटर. पहिल्यात पेशी पूर्ण सुट्या करा, गुठळी राहिली तर तिच्या आतल्या पेशी फुटत नाहीत. दुसरं घातल्यावर ट्यूब हलकेच उलटीसुलटी करा, व्हॉर्टेक्सला लावू नका, नाहीतर जिवाणूच्या गुणसूत्राचे तुकडे होऊन प्लाझ्मिडमध्ये येतात. पाच मिनिटांच्या वर थांबू नका. जास्त वेळ अल्कात राहिलेला प्लाझ्मिड पुन्हा नीट जुळत नाही आणि एन्झाइमने कापलाही जात नाही. तिसरं घालून पांढरा दाट साका आला पाहिजे. बर्फावर पाच मिनिटं, मग १२,००० जी ला पाच मिनिटं फिरवा, वरचा स्वच्छ द्रव नव्या ट्यूबमध्ये घ्या आणि दुप्पट इथेनॉल घाला. पुन्हा फिरवून गोळा झालेला डीएनए ७० टक्के इथेनॉलने धुवून सुकवा. दमट हवेत तो लवकर सुकत नाही. इथेनॉल राहिलं तर जेलच्या खाचेत नमुना बसायच्याऐवजी वर तरंगून जातो. ट्यूब उघडी ठेवून ३७ अंशांच्या ड्राय बाथमध्ये पाच-दहा मिनिटं पुरतात. शेवटी ५० मायक्रोलिटर टीई (डीएनए ठेवायचं द्रावण, कृती पुढे आहे), त्यात मिली.ला २० मायक्रोग्रॅम आरएनेझ, म्हणजे आरएनए तोडणारं एन्झाइम. आरएनेझ विसरलात तर स्पेक्ट्रोफोटोमीटर आरएनएसुद्धा मोजतो आणि आकडा खोटा फुगतो. २६० नॅनोमीटरला शोषण १ म्हणजे मिली.ला ५० मायक्रोग्रॅम हा हिशेब शुद्ध दुपदरी डीएनएचा आहे. म्हणून जेल पाहिल्याशिवाय आकड्यावर विश्वास नको. ईकोआरआय आणि हिंड३ या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमांनी कापल्यावर वेक्टरची २.७ हजार बेसजोड्यांच्या आसपासची पट्टी आणि जीएफपीची सव्वासातशेच्या आसपासची, अशा दोन पट्ट्या आल्या तर तुकडा जागेवर आहे. तुमच्या नकाशात या जागा तुकड्याच्या दोन्ही बाजूंना आहेत ना, तेवढं आधी बघा. एवढं मात्र खरं की प्रमोटरमधला एखाद्या अक्षराचा बदल या कापणीत दिसणार नाही, त्याला सीक्वेन्सिंगच लागतं.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: नॅलिडिक्सिकवर स्ट्रेन ओळखा, टूथपिकने प्लाझ्मिडचं प्रमाण मोजा, कापून तुकडा बघा. तिन्ही उत्तरं हाती आल्यावरच हे कल्चर ठेवायचं की टाकायचं ते ठरवा. माझा अंदाज टाकावं लागेल असा आहे.

मग ठेवायचं काय? विरजणासारखं कालच्यातून आज आणि आजच्यातून उद्या, असा प्लाझ्मिड सांभाळायचा नसतो. वाट एकाच दिशेची ठेवा: शुद्ध डीएनए, त्यातून ताजी ट्रान्सफॉर्म केलेली (पेशींत तो डीएनए नव्याने घालून मिळवलेली) कॉलनी, तिचा ग्लिसेरॉल साठा, त्यातून स्ट्रीक प्लेट, प्लेटवरून कल्चर, आणि कल्चर वापरून संपवणं. कल्चरमधून मागे ग्लिसेरॉलकडे कधीही जायचं नाही. स्ट्रीक प्लेट दोन-तीन आठवड्यांपेक्षा जुनी झाली की पुन्हा ग्लिसेरॉलवर या.

उणे ८० नाही ही तुमच्यासाठी वाटते तितकी मोठी अडचण नाही, कारण सर्वांत टिकाऊ गोष्ट पेशी नसून डीएनए आहे. टीईमध्ये, म्हणजे १० मिलिमोलर ट्रिस पीएच ८ आणि १ मिलिमोलर ईडीटीएमध्ये, शुद्ध प्लाझ्मिड उणे २०ला वर्षानुवर्षं राहतो आणि दोन दिवस लाईट नसली तरी त्याला काही होत नाही. ईडीटीए मॅग्नेशियम बांधून ठेवतं, त्यामुळे डीएनए तोडणारी एन्झाइमं चालत नाहीत. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवू नका. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून आम्लधर्मी होतं आणि डीएनएला हळूहळू इजा करतं.

आणखी एक प्रत कागदावर ठेवा. व्हॉटमन फिल्टर पेपरवर पेन्सिलीने गोल काढून त्यात ५ ते १० मायक्रोलिटर, एकूण अर्धा ते एक मायक्रोग्रॅम डीएनए टाका, सुकवा, सिलिका जेलच्या पुडीसह झिपच्या पिशवीत आणि ती पिशवी घट्ट डब्यात ठेवा. सिलिका जेलचा रंग पालटला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांना तापवून पुन्हा वापरता येतं. पावसाळ्यात हे महिन्याला तपासा. लागेल तेव्हा गोल कापून ५० मायक्रोलिटर टीईमध्ये भिजवायचा आणि त्यातले ५-१० मायक्रोलिटर ट्रान्सफॉर्मेशनला. हा कागद साध्या पाकिटातून दुसऱ्या गावी ठेवायला देता येतो, आणि तसा द्याच. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती, आणि २२ जुलै २०२१ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा तळमजल्यावर जे होतं ते पाण्यात गेलं. सगळ्या प्रती एकाच खोलीत असणं म्हणजे एकच प्रत असणं.

ग्लिसेरॉल साठा उणे २०लाही करा, पण त्याच्याकडून कमी अपेक्षा ठेवा. ऑटोक्लेव्ह केलेलं ५० टक्के ग्लिसेरॉल आणि ताजं कल्चर समप्रमाणात, प्रत्येकी अर्धा मिली., चार-पाच ट्यूबा. सहा महिने ते वर्षभर चालेल, नंतर डीएनएपासून नवा करा. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीज यासाठी नको, तो दर थोड्या वेळाने आतून गरम होतो. फ्रीजरमध्ये एका वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवा. सुट्टीनंतर नाणं तळाशी गेलेलं दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलं, हे न विचारता कळतं.

डीएनएपासून पुन्हा पेशी करायच्या तर कॅल्शियम क्लोराइडची जुनी पद्धत पुरेशी आहे. उणे ८० नसल्याने डीएनए आत घ्यायला तयार केलेल्या पेशी साठवता येणार नाहीत, त्या कामाच्या आदल्या दिवशी करा. प्लाझ्मिड नसलेला डीएच५अल्फा ५० मिली. एलबीमध्ये ओडी (कल्चरच्या गढूळपणाचं माप) ०.३५च्या आसपास वाढवा, बर्फावर दहा मिनिटं ठेवा, गार रोटरमध्ये फिरवा, बर्फगार १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडच्या २० मिली.मध्ये हलक्या हाताने मिसळा. अर्ध्या तासाने पुन्हा फिरवून २ मिली.त घ्या आणि ४ अंशांना रात्रभर ठेवा. बारा ते चोवीस तासांनी या पेशी उलट अधिक चांगल्या चालतात. १०० मिली. द्रावणाला दोन रेणू पाणी असलेलं कॅल्शियम क्लोराइड १.४७ ग्रॅम लागतं, निर्जल १.११ ग्रॅम, बाटलीवरचं लेबल वाचा.

दुसऱ्या दिवशी १०० मायक्रोलिटर पेशींत १ नॅनोग्रॅम प्लाझ्मिड, बर्फावर अर्धा तास, ४२ अंशांना ४५ सेकंद, लगेच बर्फावर दोन मिनिटं, ९०० मायक्रोलिटर साधं एलबी, ३७ अंशांना तासभर, मग १०० मायक्रोलिटर अँपिसिलिनच्या प्लेटवर पसरा. मायक्रोग्रॅम डीएनएला दहा लाख कॉलन्या इतकी माफक क्षमता असली तरी शंभरेक कॉलन्या येतात. तुम्हाला हवी एकच. जास्त डीएनए घालायचा मोह टाळा, त्याने एका पेशीत दोन वेगळे रेणू, चांगला आणि बिघडलेला, एकत्र जाण्याची शक्यता वाढते. डीएनए न घातलेली एक ट्यूब शेजारी हवीच.

बर्फासाठी अडून बसू नका. बंदरावर मासळीसाठी मिळतो तो फॅक्टरीचा बर्फ चालतो, फक्त ट्यूबच्या बाहेरून आणि ट्यूबची झाकणं पाण्याच्या वर राहतील असा. त्यात मीठ मिसळलेलं नसावं, नाहीतर तापमान शून्याखाली जाऊन पेशी गोठतील. निम्मा बर्फ निम्मं पाणी ठेवलं तर ते शून्याला स्थिर राहतं. मूळ प्लाझ्मिड किंवा डीएच५अल्फाच संशयास्पद निघाला, तर चंदीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएम या सूक्ष्मजीव संग्रहांकडे विचारणा करा. शेजारच्या कॉलेजातून लूपभर आणलेल्या कल्चरने तुमचाच प्रश्न परत येईल.

जुनी कल्चरं टाकताना बेसिनमध्ये ओतू नका. प्लेटा आणि द्रव १२१ अंशांना किमान अर्धा तास ऑटोक्लेव्ह करा, सांडलेल्यावर ताजं केलेलं १ टक्का हायपोक्लोराइट. जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंचं काम पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९च्या नियमांत येतं आणि त्यासाठी संस्थेची जैवसुरक्षा समिती असावी लागते. तुमच्या कॉलेजात ती असेल तर नव्या वेक्टरमध्ये तुकडा हलवण्याआधी तिच्या वहीत नोंद करा. नसेल तर प्राचार्यांकडे आधी तो विषय काढा आणि कॅनामायसिनचं काम तोवर थांबवा.